रामूचा खडक आणि चौऱ्याऐंशी बायका

आधीच सांगून ठेवते, मी अडाणी नाय. सातवी पास हाय, आणि आमच्या दांडी गावात माज्या वयाच्या जेवढ्या बायका मासे सुकवतात, त्यांत सगळ्यात अपडेट मीच. हे मी नाय बोलत, माजी सून रिद्धी बोलते. ती बोईसरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, तिला नाय कळणार तर कुणाला कळणार?

लग्न होऊन आली त्याच महिन्यात ती बोलली, "आई, रोज काहीतरी नवीन येतं. शिकत राहायचं, नाहीतर माणूस मागे पडतो." मी बोलले, त्यात काय मोठं? होडीला दर वर्षी तेल लावतो, नाय लावलं तर पाणी लाकूड खातं. फोनचं पण तसंच समजायचं. तवापासनं माजा नेम झाला. रविवारी बोंबील वलांडीवर टांगून झाले की बांबूच्या त्या मांडवाखाली बसायचं आणि फोन अपडेट करायचा. मला बोलून टाइप करता येतं. कुठलं बटण कुठनं कुठं सरकवलं ते रिद्धीच्या आधी मला कळतं.

फोन घेतला तो पण भांडून. बोईसर स्टेशनासमोरच्या दुकानातला पोरगा मला साधा फोन दाखवत बोलतो, "आंटी, ये ले लो, आपको क्या करना है." मी टोपली खाली ठेवली. बोलले, "मेरेको क्या करना है वो मैं देखेगी. तू वो काचवाला निकाल." निकाला त्यानं. नाय निकालून सांगतो कुणाला?

आता माज्या नवऱ्याचं ऐका. रामू नाव. चाळीस वर्षं समुद्रात गेली, आणि खिशात बटणांचा फोन, तोसुद्धा घरी विसरायचा. मी काही नवीन दाखवायला गेले की बोलणार, "समुद्र अपडेट होत नाय, शके." बस. दगडावर पाणी.

त्याला कारण होतं. रामूकडं एक खडक होता. पाण्याखालचा, डोळ्याला न दिसणारा. त्याच्या पणज्याला सापडला, तिथनं बापाकडनं पोराकडं आला. छोटी होडी घेऊन एकट्यानं जायचं, गळ टाकायचा आणि हेकरू मासे काढायचे. एकेक हेकरू मांडीएवढा. देवळाचा कळस कुठल्या माडाच्या रेषेत आला की थांबायचं, ती खूण रामूनं कुणालाच सांगितली नव्हती. सख्ख्या भावालाही नाय.

आणि आमच्या गावची एक रीत हाय. होडी किनाऱ्याला लागली की चार जण विचारणार, "कुठं लागली रे म्हावरी?" आणि होडी हाकणाऱ्या तांडेलानं खोटं सांगायचं. वर डहाणूच्या अंगाला गेला असेल तर बोलायचं खाली, सातपाटीच्या समोर. खाली गेला असेल तर बोलायचं वर. विचारणाऱ्याला माहीत असतं खोटं हाय, सांगणाऱ्याला माहीत असतं की त्याला माहीत हाय. तरी विचारायचं. नाय विचारलं तर राग येतो, आणि खरं सांगितलं तर येडा म्हणतात.

सगळ्यांना ह्याची गंमत वाटते. मला नाय वाटत. माजं माहेर मुरब्याचं. मी अकरा वर्षांची होते तेव्हा बाबा जाताना सांगून गेले, "वर जातो." सवयच ती. दुपारी वारा सुटला. सगळं गाव वर शोधत गेलं, दोन दिवस वर शोधलं. बाबा खाली गेले होते. तिसऱ्या दिवशी खाली होडी सापडली, उलटी. बाबा नाय सापडले.

म्हणून मला रामूकडनं एकच गोष्ट पाहिजे होती. बांगड्या नको, फ्रीज नको. तू कुठं हायस तेवढं मला कळू दे.

रिद्धीनं मला पिन पाठवायचं दाखवलं त्या दिवशी मी ठरवलं. नकाशावर लाल थेंब येतो, माणूस जिथं असेल तिथला. मी रामूला बोलले, "पोराचा जुना फोन घ्या, आणि जागेवर पोचलात की हे एवढं दाबा. मला एकटीला पाठवा."

"खडकाची जागा फोनात घालू? डोकं फिरलं काय तुजं?"

"माजं डोकं अकरा वर्षांची होते तेव्हाच फिरलंय."

तो उठून गेला. मग मी पण माजी तऱ्हा केली. दुसऱ्या दिवसापासनं घरात वरण-भात. सकाळी वरण-भात, रात्री वरण-भात. समोर वलांडीवर बोंबील लटकतायत, हा ताटात वरण कालवतोय. तिसऱ्या दिवशी लोणचं मागितलं, नाय दिलं. चौथ्या दिवशी ताट बाजूला सारून बोलला, "दाखव कुठं दाबायचं ते."

मी दाखवलं. त्यानं दहा वेळा दाबून बघितलं. मग माज्याकडं न बघता बोलला, "शके, हे फक्त तुला. भावाला दिलं नाय ते तुला देतोय." मी चार बोंबील तळून वाढले.

सोमवारी सकाळी मी वलांडीखाली होते तेव्हा फोन वाजला. निळंभोर पाणी आणि मधोमध लाल थेंब. तिथं माजा नवरा बसलाय! लग्नाला चौतीस वर्षं झाली, पयल्यांदा मला कळलं की ह्या घडीला तो कुठं हाय. मी फोन छातीशी धरून रडले. लाज कसली, रडलेच.

आणि मग माजा शहाणपणा मधी आला.

माजा एक ग्रुप हाय, "शकूची पेटी". त्यात मी एकटीच. ही पण युक्तीच हाय, एकाला घालून ग्रुप करायचा आणि मग त्याला काढून टाकायचं. जपून ठेवायचं ते सगळं मी त्या पेटीत पाठवते. रिद्धीला बाहेर काढलं तेव्हा ती जरा रुसली होती, पण ते जाऊ दे. दुसरा ग्रुप "सुकं म्हावरं, दांडी". त्यात चौऱ्याऐंशी बायका, मी ॲडमिन. आज ऊन कसं हाय, मीठ कुणाकडं उरलंय, असलं चालतं त्यात. आणि माजी हौस बघा, मी काढलेला वलांडीचा फोटो एवढा छान आला होता की तोच दोन्ही ग्रुपला लावला होता. डोळ्यांत पाणी, समोर दोन सारखे फोटो. मी पिन पेटीत टाकला.

एका मिनिटात पेटीतनं वत्सलानं अंगठा दाखवला.

मी म्हटलं, माज्या पेटीत मी एकटी. मग ही वत्सला आली कुठनं?

अगं आई गं! पिन सुक्या म्हावऱ्याच्या ग्रुपात पडला होता, चौऱ्याऐंशी बायकांत. पिनावर बोट दाबून धरलं, डिलीट केलं, खाली दोन-तीन ओळी आल्या त्यातली एक दाबली, आणि पिन गेला. गायब. वत्सला एकटीनंच बघितला असेल, आणि तिला नकाशातलं काय कळतंय?

संध्याकाळी रामूची होडी लागली. सात हेकरू. किनाऱ्यावर नेहमीची माणसं होती, पण नेहमीपेक्षा जरा जास्तच. नरहरी तांडेल पुढं आला. हा रामूचा लहानपणापासनचा वैरी, दोघांचं कुत्र्या-मांजरासारखं जमतं.

"कुठं लागली रे म्हावरी?"

"खाली," रामू बोलला. "सातपाटीच्या समोर."

"असं होय," नरहरी बोलला. "सातपाटी आजकाल बरीच वर सरकली म्हणायची."

सगळे हसले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रामू पण हसला, बिचाऱ्याला कळलं नाय कशाला ते. नरहरीची बायको उषा माज्या कानाला लागली, "शकूबाय, पिन काय टाकलास ग्रुपवर! घरोघरी नवऱ्यांनी फोटो काढून ठेवलेत."

"मी डिलीट केला तो!"

तिनं स्वतःचा फोन दाखवला. पिन तिथंच. मी तो फक्त माज्या फोनातनं काढला होता. चौऱ्याऐंशी बायकांकडं तसाच होता, फक्त मला एकटीला दिसत नव्हता. अपडेट बाई म्हणे! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी येऊन मी रामूला सगळं सांगितलं. त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळू द्यायचं नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी पण ओरडले असते, मोकळं झालं असतं. तो उठला, पोराचा जुना फोन खिशातनं काढला आणि तांदळाच्या डब्यावर ठेवला.

"चार पिढ्या राखला," बोलला. "तुज्याकडं एक दिवस नाय राहिला."

मंगळवारी पहाटे तो निघाला. फोन डब्यावरच. मी दारात उभी. विचारलं, "कुठं?"

"खाली."

माज्याशी खोटं. गावाशी बोलायचं ते माज्याशी बोलला. मला बाबा आठवले.

त्याच्या मागोमाग सात होड्या निघाल्या, सगळ्या वर, पिनाच्या दिशेनं. दुपारी दोनला परत आल्या त्या फाटकी जाळी घेऊन. खडकावर गळ टाकतात रे बाबांनो, जाळी नाय टाकत! पण पिनात ते कुठं लिहिलेलं असतं? दुसऱ्या वेळी मी पोट धरून हसले असते. आता मी एकच विचारत होते, "रामू दिसला काय?"

कुणाला दिसला नव्हता. खडकावर तो गेलाच नव्हता.

तीन वाजले, चार वाजले. वारा वाढला, वलांडीवरचे बोंबील आडवे व्हायला लागले. मी किनाऱ्यावर गेले. बायका गोळा झाल्या, मग पुरुष आले. आमच्यात भांडणं कितीही असोत, होडी आली नाय तर कुणी घरात बसत नाय. अकरा होड्या निघायला तयार झाल्या. नरहरीनं विचारलं, "जाताना काय बोलला तो?"

"खाली बोलला."

"म्हंजे वर गेला."

"की आमी वर समजू म्हणून खरंच खाली गेला?" दुसरा बोलला.

आणि लागले की वाद घालायला. मग कोण कुठं शोधणार ते ठरायला लागलं. एक बोलतो मी वर बघतो, दुसरा बोलतो मी खाली बघतो, आणि प्रत्येकाच्या तोंडावर मला दिसत होतं, आता पण हे खोटं बोलतायत! प्रत्येकाची कुठं ना कुठं लपवलेली जागा, ती वाचवत होते मेले.

माजं टाळकं सरकलं. मी पाण्यात उतरून नरहरीच्या होडीसमोर उभी राहिले.

"माज्या बापाला असंच शोधलं होतं," मी ओरडले. "जिथं नव्हता तिथं, दोन दिवस! आज कुणी खोटं बोलायचं नाय. जिथं जाल तिथनं बायकोला पिन पाठवायचा, आणि बायकोनं तो ग्रुपवर टाकायचा. एक जागा दोनदा बघायची नाय, एक पण सोडायची नाय. ज्याला जागा लपवायची हाय त्यानं घरी जाऊन झोपावं!"

मग नरहरी फोन पुढं करून उषाला बोलला, "कसा पाठवायचा तो? लवकर दाखव."

आमी बायकांनी अकरा जणांना पाच मिनिटांत शिकवलं. अंगठे मेले एवढे जाडे, दुसरंच काहीतरी दाबलं जायचं. एकानं स्वतःच्या नाकाचा फोटो काढला.

होड्या गेल्या. आमी वाळूत बसलो, मधी माजा फोन. रिद्धी क्लास सोडून रिक्षा करून आली आणि माज्या पाठीवर हात ठेवून बसली. पयला पिन आला, वत्सलाच्या नवऱ्याचा. खाली बोलून टाइप केलेलं, "इथं नाय." मग दुसरा. "इथं नाय." तिसरा आला तेव्हा उषा हळूच बोलली, "अगं, ही तर महादूची जागा. वीस वर्षं गाव शोधतंय." कुणी हसलं नाय. निळ्या पाण्यावर एकेक लाल थेंब पडत होता. बापजाद्यांनी राखलेल्या जागा, भावाभावांत बोलणं बंद झालं ज्यांच्यापायी त्या जागा, सगळ्या येत होत्या आणि प्रत्येकीखाली तेच. इथं नाय. इथं पण नाय. मला वाटलं, हे वाचून मी मरेन. आणि वाटलं, माज्या बाबांसाठी कुणी एकानं एवढं केलं असतं तर!

दहा पिन झाले. सूर्य खाली गेला होता. नरहरीचा आला नव्हता.

मग उषाचा फोन वाजला. तिनं बघितलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. पिन होता, आणि खाली नरहरीचा आवाज. तिनं लावला. वाऱ्याचा घूंघूं आणि मधी नरहरी बोंबलतोय, "इथं हाय! माज्या जागेवर हाय हलकट! माजेच मासे चोरायला आला आणि माज्याच लावून ठेवलेल्या जाळ्यात इंजिनाचा पंखा अडकवून बसलाय! जिता हाय, शकूवयनीला सांग. जिता हाय, आणि वर मलाच शिव्या देतोय!"

मी हसत होते की रडत होते मला माहीत नाय. चौऱ्याऐंशी बायकांत कोण काय करत होतं कुणालाच माहीत नव्हतं. रिद्धी माज्या गळ्यात पडून बोलली, "आई, बाबांचा अपडेट आला." मी तिला एक चापट मारली.

नरहरीनं होडी बांधून ओढत आणली. रामू उतरला, भिजलेला, ओठ निळे. नरहरीची जागा कुठं असेल त्याचा त्याला म्हणे दहा वर्षांपासनं अंदाज होता. स्वतःचा खडक गेला म्हणून रागानं तिकडं गेला. दुपारभर दोरी कापत बसला, होडी हेलकावे खातेय, आणि कुणाला सांगायला फोन नाय. माज्यासमोर येऊन उभा राहिला. मी सगळ्यांदेखत त्याच्या छातीवर दोन बुक्के मारले.

"तांदळाच्या डब्यावर," एवढंच तो बोलला. "तांदळाच्या डब्यावरच राहिला, शके."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा तांडेल माज्या दारात. नरहरी पुढं. "शकूवयनी, तुमी ॲडमिन. ते सगळे पिन काढा. गावभर आमची अब्रू लटकतेय."

"काढते की," मी बोलले. "आता मला कळलंय कुठली ओळ दाबायची ती. सगळ्यांच्या फोनातनं काढते. पण माजी अट हाय. उद्यापासनं जो समुद्रात जाईल त्यानं जागेवर पोचलं की बायकोला पिन पाठवायचा. एकट्या बायकोला. आणि बायांनो, तुमी तो कुठल्याच पेटीत टाकायचा नाय."

"आणि नाय पाठवला तर?" महादू बोलला.

"तर वरण-भात," माज्यामागनं रामू बोलला. "चार दिवस. मी खाल्लाय. पाठव बाबा."

मी एकेक पिन काढला; खडकाचा मला दिसतच नव्हता, तो बायकांनी आपापल्या फोनातनं काढला. ज्यांनी फोटो काढून ठेवले होते त्यांनी ते एकमेकांसमोर पुसून टाकले, खडकाचे पण. मनात राहिले असतील तर ते काढायचं बटण अजून निघालेलं नाय. निघालं की मला आधी कळेल.

गुरुवारी पहाटे रामू निघाला. नरहरी किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता. त्यानं विचारलं, "कुठं रे?"

"खाली," रामू बोलला. "सातपाटीच्या समोर."

"जा जा," नरहरी बोलला. "तिथं लई म्हावरी हायत."

दोन तासांनी मी वलांडीखाली असताना फोन वाजला. वर, डहाणूच्या अंगाला, निळ्या पाण्यात लाल थेंब. खाली रामूनं पयल्यांदाच स्वतः बोलून टाइप केलं होतं. "इथं हाय."

मी तो कुठंच पाठवला नाय. फोन कमरेला खोचला आणि बोंबील उलटायला घेतले.